उणे तीनचा वर्ग किती?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

दहावीनंतर वाणिज्य शाखेत नाव घातले म्हणजे गणिताच्या तावडीतून सुटलो, असा एक गोड समज पुष्कळांचा असतो. तो फार काळ टिकत नाही. चक्रवाढ व्याज, घसारा, प्रमाण विचलन, नफ्याचे सूत्र अशी मंडळी एकामागून एक वर्गात हजर होतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या खांद्यावर एक बारीकसा आकडा बसलेला असतो. तो आकडा म्हणजे घातांक. त्यातच एखादे उणे चिन्ह डावीकडून येऊन चिकटले, की बेरीज-वजाबाकीत पक्का असलेला विद्यार्थीही अडखळतो.

ह्या लेखात एकाच प्रश्नाची उकल करावयाची आहे. प्रश्न दिसायला अगदी साधा आहे:

−३² = किती?

कोणी ९ म्हणतात, कोणी −९ म्हणतात, आणि दोन्ही पक्ष आपापल्या उत्तरावर ठाम असतात. बरोबर उत्तर −९ हे आहे. पण नुसते उत्तर पाठ करून भागणार नाही. ते तसेच का, आणि ते न कळल्यास वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे नेमके काय नुकसान होते, हे समजून घेतले पाहिजे.

सहा अक्षरांची किल्ली

मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या प्रत्येकाला 'कंचेभागुबेव' हा मंत्र पाठ असतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी ह्या क्रमाने पदावली सोडवायची. इंग्रजी माध्यमातील मुले हेच 'बोडमास' म्हणून घोकतात. किल्ली चांगली आहे; पाचवी-सहावीची सारी कुलपे तिने उघडतात. पण महाविद्यालयात आल्यावर तिच्यातील तीन उणिवा ध्यानात येतात.

पहिली उणीव अशी की, ह्या सहा अक्षरांत घातांकाचे अक्षरच नाही. वर्ग, घन, चौथा घात ह्यांनी रांगेत कोठे उभे राहायचे, हे मंत्र सांगत नाही.

दुसरी उणीव 'बे' आणि 'व' ह्यांच्या क्रमाची. १० − ४ + ३ हे उदाहरण घ्या. मंत्र शब्दशः पाळून आधी बेरीज केली तर १० − ७ = ३ येते. खरे उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी ह्यांचा दर्जा सारखाच आहे. ती दोन्ही डावीकडून उजवीकडे क्रमाने करावयाची असतात. गुणाकार-भागाकाराचेही तसेच.

तिसरी उणीव सर्वांत सूक्ष्म आहे. 'व' म्हणजे वजाबाकी. ती दोन संख्यांच्या मध्ये होते. पण −३ ह्यात डाव्या हाताला कोणीच नाही. हे उणे चिन्ह एकटेच संख्येपुढे उभे आहे. त्याचा नंबर कितवा, हेही मंत्रात नाही.

आपल्या प्रश्नात नेमके घातांक आणि एकटे उणे चिन्ह हे दोघेच समोरासमोर उभे आहेत. मंत्रात दोघांनाही जागा नाही. मग भांडण होणार नाही तर काय?

घातांकाला मान आधी का?

घातांक म्हणजे पुनःपुन्हा केलेल्या गुणाकाराचे संक्षिप्त लेखन. ५ × ५ × ५ असे लांबण लावण्याऐवजी आपण ५³ लिहितो. तेव्हा पहिला नियम असा: घातांक ज्याच्या खांद्यावर बसला आहे, त्याचाच तो असतो, शेजाऱ्याचा नव्हे. २ × ५² ह्यात घातांक फक्त ५ चा आहे, म्हणून उत्तर २ × २५ = ५०. संपूर्ण गटाचा वर्ग हवा असेल तर गटाला कंसात घालून घातांक कंसाच्या खांद्यावर बसवावा लागतो: (२ × ५)² = १००.

हा नियम व्यवहाराला धरून कसा आहे ते पाहा. समजा, रु. १०,००० मुद्दल द. सा. द. शे. १० दराने २ वर्षे चक्रवाढ व्याजाने ठेवले.

रास = १०,००० × (१ + १०/१००)² = १०,००० × १.१²

आधी घात घेतला तर १.१² = १.२१ आणि रास रु. १२,१००. वर्षवार हिशेब करून पडताळा घ्या: पहिल्या वर्षाचे व्याज रु. १,०००, दुसऱ्या वर्षी रु. ११,००० वर व्याज रु. १,१००, एकूण रु. १२,१००. बरोबर जमले. आता आधी गुणाकार करून मग वर्ग केला तर? ११,०००² म्हणजे १२,१०,००,०००. दहा हजारांचे दोन वर्षांत बारा कोटी दहा लाख करून देणारी पेढी कोठे निघाली, तर तीत ठेव ठेवण्याआधी पोलीस चौकीत वर्दी द्यावी हे बरे!

घसाऱ्याचेही असेच. रु. ५०,००० चे यंत्र दरसाल घटत्या किमतीवर १० टक्के घसारा काढून ३ वर्षांनी केवढ्याचे राहील? ५०,००० × (१ − ०.१)³ = ५०,००० × ०.७२९ = रु. ३६,४५०. येथे कंस विसरून घातांक एकट्या ०.१ ला लावला तर १ − ०.००१ = ०.९९९ होते आणि यंत्राची किंमत रु. ४९,९५० निघते. तीन वर्षे राबलेल्या यंत्राची किंमत अवघी पन्नास रुपयांनी उतरली, असा तालेबंद कोण मान्य करील?

तेव्हा क्रम ठरला: आधी कंस, मग घात, मग गुणाकार-भागाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी.

उणे चिन्हाच्या दोन नोकऱ्या

आता त्या एकट्या उणे चिन्हाकडे वळू. हे चिन्ह एकाच पगारात दोन नोकऱ्या करते. १० − ३ ह्यात ते क्रिया सांगते: दहातून तीन वजा करा. −३ ह्यात ते संख्येची जात सांगते: ही ऋण संख्या आहे. आखूड आडवी रेघ एकच, कामे दोन. गल्लत होते ती येथे.

१० − ३² ही पदावली कोणालाही द्या. कोणीही १० − ९ = १ असेच उत्तर देईल. येथे वाद नाही. आता ह्याच पदावलीतील पदांची जागा बदलू. बेरजेत पदे मागेपुढे करता येतात, प्रत्येक पदाने आपले चिन्ह बरोबर न्यायचे, एवढीच अट. म्हणून

१० − ३² = −३² + १०

डावी बाजू १ आहे. उजवी बाजूही १ यायला हवी. ती केव्हा येईल? −३² ची किंमत −९ धरली तर −९ + १० = १. पण तिची किंमत ९ धरली तर ९ + १० = १९! नुसती जागा बदलल्याने १ चे १९ होऊ लागले तर बीजगणित कोलमडेल. म्हणून −३² म्हणजे '३ चा वर्ग करा आणि मग त्याचे चिन्ह उलटे करा', हाच संकेत गणिताने स्वीकारला आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर −३² म्हणजे ० − ३², किंवा (−१) × ३². गुणाकाराची पायरी घातानंतर येते, तसे उणे चिन्हही घातानंतर येते.

संकेत म्हटले की 'कोणीतरी ठरविले म्हणून आपण पाळायचे' असे वाटते. येथे तसे नाही. ह्या संकेताच्या मागे वरील कारण उभे आहे.

आणि ज्याला खरोखरीच 'उणे तीन' ह्या संख्येचा वर्ग हवा आहे त्याने काय करावे? कंस घालावा: (−३)² = (−३) × (−३) = ९. घातांक आता कंसाच्या खांद्यावर आहे, म्हणून कंसातील चिन्हालाही तो लागू पडतो.

सम आणि विषम घातांकांतील फरकही येथेच नोंदवू:

(−२)² = ४ आणि −२² = −४
(−२)³ = −८ आणि −२³ = −८
(−२)⁴ = १६ आणि −२⁴ = −१६

विषम घातांकात कंस असला काय, नसला काय, उत्तर एकच येते. ही गोष्ट सोयीची नसून घातक आहे. कारण घनाची उदाहरणे कंसाविना बरोबर सुटत गेली, की कंस न घालण्याची सवय अंगवळणी पडते आणि वर्गाच्या उदाहरणात ती पाय ओढते.

मराठी आणि कन्नड काय म्हणतात?

आपल्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, तेव्हा दोन्ही भाषांना साक्षीला बोलावू. मराठीत आपण म्हणतो, 'उणे तीनचा वर्ग'. ह्याचे दोन अर्थ होतात. 'उणे तीन' ह्या संख्येचा वर्ग हा एक. आणि 'उणे' म्हणून क्षणभर थांबले, मग 'तीनचा वर्ग' म्हटले, तर दुसरा. कन्नडमध्ये 'ऋण मूरर वर्ग' म्हणा. तेथेही तेच दोन अर्थ, आणि तेथेही निवाडा फक्त बोलणाऱ्याच्या थांब्यावर. म्हणजे बेळगावच्या गल्लीत विचारा की निपाणीच्या बाजारात, मराठीत विचारा की कन्नडमध्ये, बोली भाषा हा वाद मिटवू शकत नाही.

मात्र एक गंमत ध्यानात येते. लहान मुलांच्या बेरीज-वजाबाकीला कन्नडमध्ये 'कूडुवुदु' आणि 'कळेयुवुदु' असे अगदी वेगळे शब्द आहेत. पण वरच्या इयत्तेत गेले की वर्ग, घात, गुणाकार, भागाकार, धन, ऋण हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच होतात. आपण ज्याला कंस म्हणतो त्याला कन्नड पाठ्यपुस्तकात 'आवरण' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. आवरण म्हणजे पांघरूण. ऋण संख्येचा वर्ग करायचा असेल तर तिला आधी पांघरूण घाला, म्हणजे तिचे चिन्ह उघड्यावर राहणार नाही. इतकी नेमकी शिकवण एका शब्दात सापडणे कठीण.

ऋण म्हणजे कर्ज

ऋण ह्या शब्दाचा मूळ अर्थच कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' ह्या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य ह्यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले. ऋणाला ऋणाने गुणले तर धन येते, हा नियम तेथे आहे. म्हणजे ऋण संख्या आपल्याकडे आली ती देण्याघेण्याचा शब्द घेऊनच आली, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तिला परकी मानण्याचे कारण नाही.

पुढे नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग ह्याचा त्यांना आश्रय होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड. धन संख्येचा वर्ग धन, ऋण संख्येचा वर्गही धन. आणि ऋण संख्या कोणाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हा ग्रंथ रंगाचार्य ह्यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ साली मद्रास येथे प्रसिद्ध केला.

त्यानंतरचे मोठे नाव भास्कराचार्यांचे. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चे भाग. ग्रंथाचे साल ११५०. त्यांचे गाव विज्जडविड. पण ते नेमके कोणते ह्यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी ते विजापूर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळील पाटणकडे बोट दाखवितात. पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो उजेडात आणला. म्हणजे भास्कराचार्यांच्या गावाचाही सीमावाद आहे. त्यांच्या गणिताचा मात्र नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, भास्कराचार्य ऋण संख्या दाखविण्यासाठी तिच्या डोक्यावर टिंब देत. ३ वर टिंब म्हणजे ऋण तीन. टिंब संख्येलाच चिकटलेले; ते वजाबाकीच्या चिन्हाचे काम करीत नसे. त्यामुळे अशा संख्येचा वर्ग म्हटला की तो धन नऊच. 'आधी चिन्ह की आधी घात' हा प्रश्न त्या लेखनपद्धतीत उद्भवतच नव्हता. तो उद्भवला आपल्या आजच्या लेखनामुळे.

आजचे अधिक-उणे आले ते युरोपातून, आणि तेही व्यापाऱ्यांच्या पुस्तकातून. योहान विडमान ह्याने १४८९ साली लाइप्झिग येथे व्यापारी हिशेबाचे पुस्तक छापले. त्यात + आणि − ही चिन्हे प्रथम छापली गेली. मालाचे वजन ठरल्या मापापेक्षा किती जास्त, किती कमी, हे दाखविण्यासाठी ती तेथे येतात. घातांक वर कोपऱ्यात लिहिण्याची आजची रीत रूढ झाली ती देकार्तच्या १६३७ मधील 'ज्योमेत्री' ह्या ग्रंथापासून. म्हणजे उणे चिन्ह व्यापाऱ्याच्या घरचे, घातांक तत्त्ववेत्त्याच्या घरचा. दोघांचे लग्न पुढे लागले आणि संसारात कोणाचे आधी ऐकायचे हे ठरवावे लागले.

जमाखर्चात मात्र भास्कराचार्यांच्या टिंबासारखीच एक रीत आजही चालू आहे. ताळेबंदात तोट्याचा आकडा कंसात लिहितात: (५००) म्हणजे पाचशेचा तोटा. तेथे कंस हेच ऋण चिन्ह. रोज हे वाचणाऱ्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याने गणिताच्या वहीत ऋण संख्येला कंस घालण्याचा कंटाळा का करावा?

पाच पोती तंबाखू

आता नुकसानीचे उदाहरण. निपाणी म्हटले की तंबाखू आलीच. समजा, वखारीतील पाच पोत्यांचे वजन किलोमध्ये असे भरले: ४८, ५३, ५०, ४७, ५२. बेरीज २५०, सरासरी ५०. प्रत्येक पोते सरासरीपासून किती दूर आहे, म्हणजे विचलन:

−२, +३, ०, −३, +२

प्रमाण विचलन काढण्यासाठी ह्या प्रत्येकाचा वर्ग करतात. योग्य रीत अशी:

(−२)² + ३² + ०² + (−३)² + २² = ४ + ९ + ० + ९ + ४ = २६

२६ ला ५ ने भागले, ५.२ आले, त्याचे वर्गमूळ सुमारे २.२८ किलो. पोत्यांच्या वजनात साधारण सव्वादोन किलोचा चढउतार आहे, असा अर्थ.

आता कंसाविना:

−२² + ३² + ०² − ३² + २² = −४ + ९ + ० − ९ + ४ = ०

प्रमाण विचलन शून्य! शून्य म्हणजे पाचही पोती तंतोतंत सारखी. ४७ आणि ५३ किलोची पोती डोळ्यांसमोर पडली असताना कागद म्हणतो, फरक काहीच नाही. आणि उत्तर सुटसुटीत शून्य आल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. चुकीचे उत्तर वेडेवाकडे आले तर ते पकडता येते. असे गोंडस आले तर पकडता येत नाही.

यंत्राचे काय?

'आता सारे संगणकच करतो, मग ही कटकट कशाला?' असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा भाग.

दुकानातील साध्या गणनयंत्रावर २ + ३ × ४ = ह्या कळा ओळीने दाबल्या तर सर्वसाधारणपणे २० येतात; ते यंत्र जसजशी कळ दाबू तसतशी क्रिया उरकत जाते. शास्त्रीय गणनयंत्र १४ देते. चौदा हेच बरोबर.

पण खरा धक्का पुढे आहे. कार्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सेल' ह्या तक्त्याच्या प्रणालीत =−३^२ असे लिहिले तर उत्तर ९ येते! (तेथे ^ ही घाताची खूण.) =०−३^२ असे लिहिले तर मात्र −९ येते. ह्यात यंत्र बिघडलेले नाही. एक्सेल बनविणाऱ्यांनी एकट्या उणे चिन्हाला घाताच्या वरची पायरी दिली आहे आणि तसे आपल्या माहितीपत्रकात नमूदही केले आहे. उलट 'पायथॉन' ह्या संगणकभाषेत तीच पदावली −९ देते. म्हणजे यंत्रायंत्रांतच एकमत नाही.

ह्याचा परिणाम पाहा. समजा, एका कारखान्याच्या नफ्याचे सूत्र असे आहे:

नफा = −क्ष² + १२क्ष − २०

(क्ष म्हणजे उत्पादन शेकड्यांत, नफा हजार रुपयांत.) क्ष = ६ असता नफा −३६ + ७२ − २० = १६. क्ष = १० असता −१०० + १२० − २० = ०, म्हणजे ना नफा ना तोटा. उत्पादन त्यापुढे वाढविले तर तोटा.

हेच सूत्र एक्सेलच्या चौकटीत =−ए१^२+१२*ए१−२० असे जसेच्या तसे उतरविले तर ६ ला ३६ + ७२ − २० = ८८ येतात आणि १० ला १०० + १२० − २० = २००. सोळा हजारांच्या जागी अठ्ठ्याऐंशी हजार! शिवाय यंत्राच्या हिशेबाने उत्पादन जितके वाढवाल तितका नफा वाढतच जाणार. ह्या कागदावर विसंबून कोणी कर्ज काढून उत्पादन वाढविले, तर ऋण ह्या शब्दाचा मूळ अर्थ त्याला फार महागात कळेल. आणि गंमत अशी की, तेच सूत्र =१२*ए१−ए१^२−२० असे पद मागेपुढे करून लिहिले तर उत्तर बरोबर १६ येते, कारण आता ते चिन्ह दोन पदांच्या मधले, वजाबाकीचे झाले.

सर्वांत सुरक्षित मार्ग एकच: =−(ए१^२)+१२*ए१−२०. कंस घातला की सगळी यंत्रे एकाच सुरात बोलतात.

घातांकच ऋण असेल तर

शेवटचा एक मुद्दा थोडक्यात. उणे चिन्ह कधी खाली असते, कधी वर घातांकात. वरचे उणे संख्येला ऋण करीत नाही. ते तिला छेदात नेते. २⁻² = १/२² = १/४. चारही प्रकार शेजारी ठेवून पाहा:

(−२)² = ४
−२² = −४
२⁻² = १/४
−२⁻² = −१/४

वाणिज्यात हे वरचे उणे सतत भेटते. दोन वर्षांनी मिळणाऱ्या रु. १२,१०० ची १० टक्के दराने आजची किंमत किती? १२,१०० × १.१⁻² = १२,१०० ÷ १.२१ = रु. १०,०००. वर चक्रवाढीने जी रक्कम पुढे नेली होती, तीच ऋण घातांकाने मागे आणली. घातांकातील उणे म्हणजे काळाची उलटी चाल, असे समजले तर ते विसरत नाही.

ध्यानात ठेवावे असे

१. क्रम: कंस, घात, गुणाकार-भागाकार (डावीकडून उजवीकडे), बेरीज-वजाबाकी (डावीकडून उजवीकडे). जुन्या मंत्रात 'चे'नंतर 'घा' घालून 'कंचेघाभागुबेव' म्हणण्यास हरकत नाही, मात्र 'चे' आणि 'घा' एकत्र आले तर कंस घालावा.

२. घातांक ज्याच्या खांद्यावर आहे त्याचाच असतो. एकटे उणे चिन्ह घातानंतर लागू होते.

३. सूत्रात ऋण संख्या ठेवताना ती नेहमी कंसातच ठेवावी. ह्या एका सवयीने निम्म्या चुका टळतात.

४. यंत्राला सूत्र देण्याआधी एखादी लहान संख्या घालून तोंडी उत्तराशी ताडून पाहावे.

स्वाध्याय

(१) −५²
(२) (−५)²
(३) ७ − (−२)³
(४) −२⁴ + (−२)⁴
(५) २० − ६ + ४ ÷ (−२)²
(६) −(−३)²
(७) क्ष = −४ असता क्ष² − ३क्ष − ५
(८) (−२)⁻³

उत्तरे: (१) −२५ (२) २५ (३) १५ (४) ० (५) १५ (६) −९ (७) २३ (८) −१/८

सातव्या उदाहरणात ज्यांचे उत्तर −९ किंवा −३३ आले, त्यांनी नियम ३ पुन्हा वाचावा. आठव्यात ज्यांचे ८ आले त्यांनी घातांकातील उण्याचा भाग पुन्हा पाहावा.